डिसेंबरातली उन्हाळी सुट्टी

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. तो म्हणाला, "ताई, ही आणि पोरगी डिसेंबरात येतायत. सहा आठवडे राहतील तुझ्याकडं."

"अन् तू?"

"मला रजा नाही."

"अन् पोरीची शाळा?"

"सुट्टी आहे ना तिला. उन्हाळ्याची."

मी अंगावर स्वेटर घालून बसले होते. भाऊ न्यूझीलंडला असतो. तिकडं आपला हिवाळा तो त्यांचा उन्हाळा, हे मी स्वतः पृथ्वीगोल हातात धरून पोरांना शिकवते. पण घरातल्याच माणसानं फोनवर तेच सांगितलं तर ते बनवून सांगितल्यासारखं वाटलं. पैठण रस्त्यावरच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी वीस वर्षं शिकवते. सुट्ट्यांची यादी मला पाठ असते. दिवाळीचे पंधरा दिवस, मे महिन्यापासून जूनच्या मध्यापर्यंत उन्हाळा, बाकी सणावाराचे सुटे दिवस. डिसेंबर-जानेवारी म्हणजे ऐन अभ्यासाचे महिने. त्यात कोण पोरीला शाळेतून काढून दीड महिना घेऊन येतं?

शिवाय आजवर हे लोक कधी डिसेंबरात आलेच नव्हते. यायचे ते एप्रिलमध्ये, दोन आठवडे, तिघं मिळून. आता नवरा तिकडं, बायको-पोरगी इकडं, तेही दीड महिना. फोन ठेवल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "यांचं काहीतरी बिनसलंय."

तो कंपनीतून शिफ्ट करून आला होता, बूट काढत होता. "सुट्टी असेल," एवढंच म्हणाला.

आमच्याकडं आईही राहत होती. वडील गेल्यापासून, तीन वर्षं. आईचा जन्म मेंढ्यांमागं गेलेला. पाचोडजवळच्या आमच्या गावात वडलांचा वाडा होता. वाडा म्हणजे मेंढ्यांचा कळप. वडील गेले, मेंढ्या विकल्या, उरली तीन एकर जमीन, तीही आईच्या नावावर. वाटेकऱ्याला दिलेली. बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत आई रमली नाही, पण राहिली.

त्या वर्षी जुलैत एक गोष्ट घडली होती, ती मी भावाला सांगितली नव्हती. मी शाळेत, नवरा ड्युटीवर, आणि आई घराला कडी न लावता निघून गेली. दोन गाड्या बदलून ती पाचोडला पोचली कशी, हे अजून मला कळलेलं नाही. बाजाराचा दिवस होता. शेळ्यामेंढ्या विकायला बसतात तिथं ती जाऊन बसली होती. गावाकडच्या एका ओळखीच्या बाईनं मला फोन केला म्हणून बरं. मी गेले तर आई मला बघून म्हणाली, "तुझा बाप आला नाय अजून. मेंढरं कुठवर आली इचार की कुणाला."

मी तिला घरी आणलं, आंघोळ घातली आणि नवऱ्याला अन् शेजारणीला बजावलं, "हे तिकडं कळता कामा नये." वडील गेले तेव्हा भाऊ आईला घेऊन जायला निघाला होता. मीच भांडून तिला ठेवून घेतलं होतं. तिकडं तिच्याशी बोलणार कोण, असं मी चार लोकांत म्हणाले होते. आता माझ्या घरातून ती हरवली हे मी कोणत्या तोंडानं सांगणार? भावानं नंतर फोनवर दोन-तीनदा विचारलं, "आई बरी आहे ना? तेच तेच विचारते मला." मी दरवेळी म्हणाले, "वय झालं रे तिचं."

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या दोघी आल्या. भावजयीनं दोन मोठ्या बॅगा आणल्या होत्या. एवढं सामान पाहुणे आणत नाहीत, हे मी मनात टिपून ठेवलं. भाची अकरा वर्षांची, उंच झालेली, मराठी स्पष्ट बोलणारी. दुसऱ्याच दिवशी भाजी निवडताना मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग बाळा, तुझ्या बाई रागावणार नाहीत का? एवढी गैरहजेरी?"

"गैरहजेरी नाही, आत्या. आमचं वर्षच संपलं. आणि मी आता त्या शाळेत परत जाणार नाहीये. आमचा निरोपसमारंभ झाला."

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. शाळा सोडली. दाखला काढला असणार. मी भावजयीकडं बघितलं. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, आईसाठी चहा गाळत होती.

आईलाही शंका आली होती. आईच्या बोलण्यात आता मेळ नसायचा, पण मधूनच ती अगदी नेमकं बोलायची. संध्याकाळी मला बाजूला ओढून म्हणाली, "लई दिस ऱ्हायला आली व्हय गं ही? इथं तर शाळा चालू हाय." मग आवाज खाली करून, "दुपारी गच्चीवर जाऊन बोलती. रोज. दार लोटून."

आईवर विश्वास ठेवावा की नाही, हे मला ठरवता येईना. सकाळी जेवलेलं ती दुपारी विसरायची. पण गच्चीचं तिनं तीन दिवस सांगितलं आणि तिन्ही दिवस एकसारखं सांगितलं.

एका शनिवारी मी भाचीला शाळेत घेऊन गेले. खरं सांगायचं तर तिला तिच्या आईपासून दूर नेऊन बोलतं करावं, हाच माझा हेतू होता. वर्गात पोरांनी तिला घेरलं. तिनं सांगितलं की त्यांच्याकडं वर्षाचे चार भाग असतात, दर भागानंतर दोन आठवडे सुट्टी, आणि वर्ष संपलं की डिसेंबर-जानेवारीत मोठी सुट्टी. तेव्हा लोक समुद्रावर जातात. तिच्या वर्गात जर्मनीहून आलेली एक मुलगी होती. तिकडं म्हणे एका राज्याची उन्हाळी सुट्टी एका तारखेला लागते, शेजारच्या राज्याची दुसऱ्या, म्हणजे सगळे एकदम रस्त्यावर येत नाहीत. आणि एक जपानी मैत्रीण, तिच्या देशात उन्हाळ्याच्या सुट्टीतही भरपूर गृहपाठ असतो आणि शाळा नव्यानं सुरू होते ती एप्रिलमध्ये.

"एप्रिलात तर आमची परीक्षा असते!" एक पोरगा ओरडला. "बाई, ही फेकते!"

सगळे हसले. भाचीचा चेहरा उतरला. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नाही. तिचे आईवडील दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन खाली गोदाकाठानं गेले होते, ती आजीजवळ राहिली होती. ती म्हणाली, "आमच्यात बी तसंच हाय. मेंढ्या गेल्या की सुट्टी."

ते ऐकून मला माझीच शाळा आठवली. मी तिसरीत असताना दिवाळीनंतर वडलांबरोबर गेले होते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतले होते. गुरुजींनी वर्गात उभं करून विचारलं, "सुट्टी कुणी दिली तुला?" मी म्हणाले, "मेंढ्यांनी." माझं उत्तर खरं होतं. वर्ग हसला आणि गुरुजींनी तळहातावर छडी मारली, खोटं बोलते म्हणून. ते मला तीस-पस्तीस वर्षं आठवत होतं, आणि तरी त्या शनिवारी मी भाचीच्या बाजूनं एक शब्द बोलले नाही. मलाही ती फेकतेय असंच ठरायला हवं होतं.

घरी येऊन मी मोबाईलवर शोधलं. न्यूझीलंडच्या शाळांच्या सुट्ट्या. पोरीचा शब्द न् शब्द खरा निघाला. वर्ष डिसेंबरात संपतं, फेब्रुवारीच्या आसपास शाळा भरतात. शिवाय तिकडं तिच्या वयाची मुलं प्राथमिक संपवून दुसऱ्या शाळेत जातात, म्हणून तो निरोपसमारंभ. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मनानं लगेच दुसरी वाट धरली. सुट्टी खरी असली म्हणून येण्याचं कारणही खरं असेल, असं थोडंच आहे?

पुढच्या रविवारी मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीच्या जिन्यात उभी राहिले. एक वाजत आला होता. म्हणजे तिकडं रात्रीचं जेवण झालं असणार. भावजय बोलत होती. मला तुटक ऐकू आलं. "नाही, ताईंना अजून काही विचारलं नाही... त्या लपवतायत हो... कागद सगळे घेतलेत मी... आईंना घेऊन जावंच लागेल, त्यांच्याशिवाय कसं होणार?"

मी बादली तशीच घेऊन खाली आले. मी लोखंडी कपाट उघडलं. आईचं आधार कार्ड आणि सातबाऱ्यापासून दवाखान्याच्या चिठ्ठ्यांपर्यंत सगळं असलेली तिची प्लास्टिकची फाइल वरच्या कप्प्यात असायची. दोन्ही नव्हती.

जमीन! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडल्यासारखं झालं. तीन एकर. पाचोडकडं जमिनीचे भाव चढलेत हे सगळ्यांच्या तोंडी होतं. आईची सही, आईचा अंगठा, आणि आईला दुसऱ्या दिवशी आठवणारही नाही. आता सगळं जुळलं. दीड महिना का, भाऊ मागं का, गच्चीवर काय. मला राग आला तो याचाही की मी एवढे दिवस उगाच त्यांच्या संसाराची काळजी करत होते.

मी विचारलं का नाही, असं कुणालाही वाटेल. विचारलं असतं तर ती सावध झाली असती, असं मला तेव्हा वाटलं. मी नुसती पाळत ठेवायची ठरवली. शेजारणीला सांगितलं, "माझ्या माघारी आई घराबाहेर पडली तर मला लगेच फोन करा."

संक्रांत झाली. तिळगूळ देताना भावजय माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला आणि मनात म्हणाले, किती साळसूद!

दोन दिवसांनी, साडेअकराच्या सुमारास, शेजारणीचा फोन आला. मी चौथीच्या वर्गावर होते. "मॅडम, तुमची आई अन् भावजय रिक्षानं गेल्या. पोरगी पण सोबत हाय. आईला चांगलं लुगडं नेसवलं होतं. हातात फाइल होती."

मी मुख्याध्यापकांना घरी अडचण असल्याचं सांगून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रस्त्यावर येऊन पैठणची एसटी धरली. जमीन पैठण तालुक्यातली, तेव्हा खरेदीखत तिथंच होणार. गाडीत बसून मी काय काय बोलायचं ते जुळवत होते. भावाला काय सांगायचं तेही. नवऱ्याला फोन केला नाही. तो म्हणाला असता, थांब.

पैठणला रजिस्ट्रीच्या ऑफिसात गर्दी होती. मी प्रत्येक बाकावर बघितलं. धोतर नेसलेले म्हातारे, साक्षीदार म्हणून आणलेले पुतणे, तंबाखू मळत बसलेले दलाल. एक म्हातारी मला पाठमोरी आईसारखी दिसली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिनं वळून विचारलं, "कोण गं तू?" मी एका कारकुनाला विचारलं की अमुक गावच्या जमिनीचा आज काही व्यवहार आहे का. तो म्हणाला, "बाई, तुमचा नंबर काय?" माझा नंबर नव्हता. मी दाराशी बाकावर बसून राहिले. आत येणाऱ्या प्रत्येकाला बघत होते. जेवणाची सुट्टी झाली, ऑफिस पुन्हा सुरू झालं. मी सकाळपासून पाणीही प्यायले नव्हते.

पावणेतीनला फोन वाजला. भावजयीचा नंबर, पण आवाज भाचीचा.

"आत्या, तू शाळेत आहेस का? आम्ही दवाखान्यात आहोत. आजी तुला विचारतेय सारखी. डॉक्टरांनी तिला खूप प्रश्न विचारले. आज कोणता वार, घड्याळ काढ, असं. ती घाबरली. तू येशील का?"

"कोणता दवाखाना?"

"मेंदूचा. शहरात. आईनं सांगितलं होतं तुला सांगू नको, पण आजी रडतेय."

मी म्हणाले, "येते." कुठून येते ते सांगितलं नाही. परतीच्या गाडीत मला खिडकीजवळची जागा मिळाली आणि मी बाहेर बघत राहिले, शेजारच्या बाईला माझं तोंड दिसू नये म्हणून.

मी घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. वाटेतच भाचीनं फोनवर कळवलं होतं, तिघी दवाखान्यातून घरी परतल्या होत्या. आई पलंगावर बसून भाचीच्या हातून केळं खात होती. फाइल टेबलावर होती, तिच्यात जुन्या चिठ्ठ्यांवर नव्या चिठ्ठ्या टाचलेल्या. भावजयीनं मला पाणी दिलं. मग समोर बसून म्हणाली, "ताई, विसरण्याचा आजार आहे. सुरुवात नाही, मधली पायरी म्हणाल्या डॉक्टरीणबाई. त्यांना एकटं ठेवायचं नाही."

"तू मला न सांगता घेऊन गेलीस."

"हो."

"कपाटातलं आधार कार्ड घेतलंस. मला न विचारता."

"दवाखान्यात नोंदणीला लागणार होतं. ताई, ह्यांनी तुम्हाला किती वेळा विचारलं? आईंनी एकदा फोनवर ह्यांना विचारलं, तुझा बाप मेंढ्या घेऊन कुठवर आला. हे त्या दिवशी जेवले नाहीत. तुम्ही म्हणालात, वय झालं. ह्यांना रजा नव्हती. मला कामावरनं एवढी सुट्टी पोरीच्या शाळेच्या सुट्टीतच मिळते. म्हणून मी आले. आईंना जवळून बघायला."

"म्हणजे माझ्यावर लक्ष ठेवायला."

तिनं मान खाली घातली नाही. "हो. तुमच्यावरही. शेजारच्या वहिनींनी मला पहिल्याच आठवड्यात पाचोडचं सांगितलं. ताई, मी चार आठवडे लपवलं. तुम्ही सहा महिने लपवलं."

ज्या शेजारणीला मी पहारा द्यायला लावलं होतं, तिनंच माझं सगळं सांगून टाकलं होतं. मी उठून आईजवळ गेले. आई म्हणाली, "आलीस व्हय. त्या बाईनं मला घड्याळ काढायला लावलं गं. मला कुठं येतंय लिवायला." ती खरंच कधी शाळेत गेली नव्हती. हे त्या डॉक्टरीणबाईंना कुणी सांगितलं होतं की नाही, असं लगेच माझ्या मनात आलं. मी भावजयीला ते विचारलंही. ती म्हणाली, "सांगितलं होतं. त्यांनी दुसऱ्या पद्धतीनंही तपासलं." मी तरी आठवड्यानं स्वतः आईला घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडं गेले. त्यांनीही तेच सांगितलं.

त्या रात्री भाऊ फोनवर आला नाही, सकाळी आला, माझी शाळेला निघायची घाई चाललेली असताना. मला वाटलं होतं ओरडेल. तो नुसता म्हणाला, "ताई, तुला माझी भीती वाटली का?" मी म्हणाले, "तू तिला नेशील असं वाटलं." तो म्हणाला, "ती इथं दोन दिवस राहणार नाही, हे मला माहीत नाही का?"

मग आम्ही दोन्ही देशांच्या सुट्ट्या समोर घेऊन बसलो. भावजयीनं कागदावर बारा महिने लिहिले. मेपासून जूनच्या मध्यापर्यंत मी घरी. जुलैत त्यांचे दोन आठवडे असतात, तेव्हा भाऊ एकटा येणार. दिवाळीत मी. डिसेंबर-जानेवारीत भावजय आणि भाची. आमच्या सुट्ट्या एकमेकींवर पडत नाहीत, हे भाचीनं रंगीत पेनानं दाखवलं आणि तिला त्याचा फार आनंद झाला. तरी मधले महिने उरलेच. त्यांच्यासाठी बाई ठेवावी लागली, सकाळी नऊ ते पाच. मी तिच्यावरही नजर ठेवते. ती आईला वेळेवर जेवू घालते, केस विंचरते, तरी मी अधूनमधून मधल्या सुट्टीत शेजारणीला फोन करते. तिनं ते बाईला सांगितलं असणार, हेही मला माहीत आहे.

जानेवारीच्या शेवटी त्या दोघी गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी मी भाचीला पुन्हा शाळेत नेलं, प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाला. कार्यक्रम झाल्यावर मी चौथीच्या पोरांना बसवलं आणि सांगितलं, "ही मागं जे बोलली ते सगळं खरं होतं. मी तपासून बघितलंय. त्या दिवशी मी गप्प बसले, ते चुकलं." पोरांना त्याचं काही विशेष वाटलं नाही, त्यांचं लक्ष जिलबीकडं होतं. भाचीनं मात्र मला विचारलं, "तू तपासलंस? म्हणजे तुलाही खरं वाटलं नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हणाले.

ती म्हणाली, "मलाही तुमच्या दिवाळीच्या सुट्टीचं खरं वाटलं नव्हतं. दरवर्षी तारीख बदलते म्हणे."

पैठणचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईलाच एकदा सांगितलं, दुपारी तिच्याजवळ आडवी पडले असताना. रजिस्ट्रीच्या ऑफिसात मी तिला कशी शोधत होते ते. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग घावली का ती म्हातारी?"